पाप पदरी घेताना : वास्कोतल्या एका भावाचं प्रकरण

हे प्रकरण गोव्यात वास्कोत राहणाऱ्या पन्नाशीच्या एका गृहस्थाचं आहे. वडील मूळचे संगमनेरकडचे. मुरगाव बंदरात नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, इगर्जेत म्हणजे चर्चमध्ये कोकणी, कामावर हिंदी. कॅथलिक कुटुंब, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, न चुकवणारं. धाकटी बहीण लग्न होऊन डिचोलीला आहे. ती त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही इथे दादाच म्हणते. दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

कुमसारातलं, म्हणजे फादरांजवळ केलेल्या पापनिवेदनातलं, जे इथे येतं ते दादांनी स्वतः मला सांगितलेलं आहे. फादरांकडून त्यातलं अक्षरही बाहेर येऊ शकत नाही. चर्चच्या कायद्यात पापनिवेदनाची गुप्तता मोडता येत नाही, आणि जो धर्मगुरू ती थेट मोडतो तो त्याच क्षणी बहिष्कृत होतो. ज्याने पाप सांगितलं त्याला मात्र स्वतःबद्दल बोलायची मोकळीक असते.

काय घडलं होतं

जुलै २०१८ मध्ये आईला अर्धांगाचा झटका आला. दोन दिवस वास्कोतल्या एका खासगी दवाखान्यात, मग बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात. महिनाभराने आई गेली. तिच्या नावावर ४,६०,००० रुपयांची ठेव होती आणि खात्यावर दादांची सही चालत असे. आई दोघांनाही सांगून गेली होती, अर्धं तुझं, अर्धं हिचं. न सांगताही ते तसंच झालं असतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आईबापांच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

खरा खर्च किती झाला? खासगी दवाखान्याचे २१,५००, बाहेरून आणलेली औषधं ६,३००, डायपर आणि हवेची गादी ३,७००, टॅक्सी २,५००. गोमेकॉत गोवेकरांना उपचार जवळपास मोफत असल्यामुळे तिथे मोठं बिल झालंच नाही. शवपेटी, दफन आणि जेवण धरून २६,००० वर गेले. एकूण ६०,०००.

दादांनी बहिणीला दाखवलेल्या वहीत मात्र ५,४०,००० होते. ठेव पुरली नाही, ८०,००० कमी पडले, ते मी उसने आणून भागवले, तुझ्या वाट्याचे ४०,००० जमेल तेव्हा दे, असं सांगितलं. बहिणीने दोन महिन्यांत पैसे पोचवले.

ते कुठून आले हे कळल्याशिवाय या प्रकरणाचं वजन कळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. डिचोलीतल्या कितीतरी दारांत त्या वर्षी खनिज वाहणारे टिप्पर ट्रक नुसते उभे होते. दाजींचाही होता, कर्जाचे हप्ते चालू असलेला. बहिणीने लग्नातल्या पाटल्या मोडल्या. सासूला सांगितलं, घट्ट होतात म्हणून काढून ठेवल्यात.

उरलेल्या पैशांतून दादांनी मुलाच्या जहाजावरच्या कोर्सची फी भरली आणि थोडी देणी फेडली. मुलगा आज जहाजावर आहे. घराला ऊर्जितावस्था आली ती त्याच्या पगारामुळे. दादांनी स्वतःला दिलेलं पहिलं आणि सगळ्यात टिकाऊ कारण हेच: पैसा काही दारूत घातला नाही.

सहा वर्षांचे कुमसार

या सहा वर्षांत दादा दर ईस्टरआधी कुमसाराला गेले. वर्षातून एकदा तरी पाप सांगावं हा नियम १२१५ साली भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेपासूनचा. आपल्याकडे उपवासकाळात बाहेरचे दोन-चार फादर बोलावतात, रांगा लागतात आणि भरभर पुढे सरकतात. दादा काय सांगत? राग आवरत नाही. तोंडात शिवी येते. प्रार्थना चुकते. आणि शेवटी, हळूच, ‘पैशाच्या बाबतीत थोडा स्वार्थ झाला.’

मला या प्रकरणात सगळ्यात घातक वाटलेलं वाक्य ते. वहीतल्या खोट्यापेक्षाही. वही लिहिताना आपण फसवतो आहोत हे दादांना ठाऊक होतं. हे वाक्य म्हणताना आपण कबूल करतो आहोत असं त्यांना वाटत होतं. अडीच लाखांच्या घरातली रक्कम, सख्खी बहीण, तिच्या पाटल्या, सगळं ‘थोडा स्वार्थ’ या दोन शब्दांत गुंडाळून ते देवापुढे ठेवत होते आणि फादरांनी काही विचारलं नाही की हायसं वाटून बाहेर येत होते.

१५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने गंभीर पापं त्यांच्या प्रकारासह आणि संख्येसह सांगावीत असं ठरवलं, आणि जाणूनबुजून एखादं झाकलं तर त्या निवेदनाने काहीच साधत नाही हेही सांगितलं. हे कुणाला कोरडं कलम वाटेल. त्यामागे संत जेरोम यांचा साधा विचार आहे: आजाऱ्याने लाजून जखम वैद्याला दाखवलीच नाही, तर जी जखम ठाऊकच नाही तिच्यावर औषध कसं लागू पडणार? कुमसाराहून आलं की दोन-तीन दिवस बरं वाटायचं, असं दादा सांगतात. मग डिचोलीहून फोन आला की पोटात खड्डा.

त्यांना हलवलं ते बहिणीच्याच एका बोलण्याने. नोव्हेंबर २०२४ मध्ये चुलतभावाच्या मुलीची हळद होती. जमलेल्या बायकांत आईचा विषय निघाला तेव्हा बहीण म्हणाली, ‘आमच्या दादानं आईसाठी काही ठेवलं नाही. मीच कमी पडले.’ दादा पलीकडे खुर्च्या लावत होते. कुणी चोर म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, असं ते मला म्हणाले. कौतुकाला उत्तर नव्हतं.

जुन्या गोव्यात

ते सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, शवप्रदर्शनाचे दिवस होते. दहा वर्षांनी येणारा सोहळा, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. अवशेष बाँ जेझूस चर्चमधून से कॅथेड्रलमध्ये आणलेले. सिंधुदुर्ग, बेळगावकडून लोक पायी येत होते. दादा एकटेच गेले. मराठी येणारे एक वयस्क फादर मिळाले. दादांनी ठरवलं, आज आपल्या भाषेत सांगायचं. पाठ केलेल्या कोकणी वाक्यांमागे लपायला जागा असते, ती त्यांना आज नको होती.

सुरुवात मात्र जुन्याच वळणाने झाली. ‘फादर, मुलाच्या शिक्षणाची अडचण होती, तेव्हा...’ फादरांनी थांबवलं. ‘मुलाचं मागाहून. आधी काय केलंत ते सांगा.’ मग तीनच प्रश्न आले. कुणाचे? किती? तिला ठाऊक आहे का? दादांनी उत्तरं दिली. सहा वर्षांत २,४०,००० हा आकडा पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून बाहेर पडला. हा आकडा त्यांनी कधीच काढून ठेवलेला होता: ठेवीतून खरा खर्च वजा करून अर्धे २,००,०००, आणि तिने पाठवलेले ४०,०००.

दादांना वाटलं होतं, फादर म्हणतील, जा, पैसे चुकते करून ये, मग क्षमा. तसं झालं नाही. परत करायचा तुमचा निश्चय आहे ना, एवढं विचारून फादरांनी हात उंचावून पापमुक्तीचे शब्द म्हटले. प्रायश्चित्त म्हणून आठवडाभर रोज बायबलमधलं स्तोत्र ५१ म्हणायला सांगितलं, आणि नाताळच्या आत डिचोलीला जायला.

हा क्रम नीट पाहिला पाहिजे, कारण अनेक भाविक इथेच अडतात. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात जकातदार जक्कय याच्या घरी येशू आधी जातो. कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत करीन, हे जक्कय त्यानंतर म्हणतो, आणि ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ हे शब्द येतात तेव्हा त्याने एक नाणंही परत केलेलं नसतं. परतफेड ही क्षमेची किंमत नाही. पण म्हणून ती ऐच्छिकही होत नाही. चर्चची शिकवण या बाबतीत स्वच्छ आहे: पापमुक्तीने पाप जातं, पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही, चोरलेलं परत करावं लागतं. क्षमा मिळालेला माणूसच हे काम न चिडता, न रडता करू शकतो असं मला वाटतं. ज्याला अजून स्वतःला निर्दोष ठरवायचं असतं तो प्रत्येक हप्त्याबरोबर एक सबब पाठवतो.

दादांच्या अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) मावसभावाने, ते घर प्रॉटेस्टंट आहे, त्यांना विचारलं, फादर कशाला हवा? योहानाच्या पहिल्या पत्रात, आपण आपली पापे पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर तो क्षमा करील, असं सरळ लिहिलेलं नाही का? लिहिलेलं आहे, आणि ते दोन्ही परंपरांचं आहे. पण याकोबाच्या पत्रात पापं एकमेकांजवळ कबूल करा असंही आहे. माणसाच्या कानावर घातल्याशिवाय आपण नक्की काय पदरी घेतलं हे स्वतःलाही कळत नाही, निदान दादांना सहा वर्षं कळलं नव्हतं.

पैसे परत करायची सोपी वाट

इथे मी या प्रकरणात आले. आमच्या मराठी प्रार्थनागटात दादा येत असत. त्यांची एक योजना होती: बँकेत आईचं एक विसरलेलं खातं सापडलं असं सांगायचं आणि पैसे बहिणीकडे वळते करायचे. तिचं तिला मिळेल, घर तुटणार नाही, मुलाला काही कळणार नाही.

ही योजना मी हसण्यावारी नेली नाही. चोरीचा माल नाव उघड न करता परत करायला चर्चची मनाई नाही. स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडलीच पाहिजे असंही कुणी म्हणत नाही. ओळखीतल्या एखाद्या दुकानदाराचे पैसे लाटले असते तर मीही म्हटलं असतं, पाकीट नेऊन ठेवा. पण इथे दोन गोष्टी आड येत होत्या. एक, परतफेडीसाठी नवं खोटं रचावं लागत होतं. दुसरी जास्त मोठी. दादांनी बहिणीचे फक्त पैसे नेले नव्हते. आईच्या आजारपणात आपण पुरे पडलो नाही, ही टोचणी तिच्या मनात पेरली होती आणि ती सहा वर्षं तिथे वाढत होती. बँक ट्रान्सफरने ती उपटून निघाली नसती. उलट आईचं लपलेलं खातं सापडलं म्हटल्यावर ती अजून रडली असती, की आईने आपल्यासाठी ठेवलं आणि आपण तिच्यासाठी काही केलं नाही.

मी दादांना एवढंच विचारलं: ‘तिचं हळदीतलं वाक्य खोटं आहे हे तिला कोण सांगणार?’ ते उठून गेले. तीन दिवसांनी फोन आला, येत्या रविवारी जातोय.

जाण्याआधी त्यांनी वहिनींना सांगितलं. वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. त्या दिवसभर बोलल्या नाहीत, आणि संध्याकाळी म्हणाल्या, ‘मी पण येते. ती काय म्हणेल ते मलाही ऐकू दे.’

वही

डिचोलीच्या घरात जे झालं ते मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही सांगणं जुळतं.

दादांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. बहिणीने मध्ये एक शब्द काढला नाही. मग ती आत गेली आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. वहीच्या पानांच्या झेरॉक्स. आईच्या मृत्यूच्या दाखल्याबरोबर तिने त्या जपून ठेवल्या होत्या, कारण तिच्या लेखी ते आईच्या शेवटच्या दिवसांचं टिपण होतं. एका रात्रीत, एकाच पेनाने लिहिलेल्या ओळी; खाली बेरीज आणि बेरजेखाली दोन रेघा.

‘वाच,’ ती म्हणाली. ‘एकेक ओळ वाच. खरी कुठली, खोटी कुठली, सांग.’

दादांनी वाचलं. खासगी दवाखाना सहा दिवस: खोटं, दोन दिवस. आयसीयू: खोटं. अॅम्ब्युलन्स: खोटं, एकशेआठ आली होती. रात्रीची नर्स: खोटं. तिथे बहिणीने थांबवलं. ‘मग रात्री आईजवळ कोण होतं?’ दादा म्हणाले, ‘मी होतो.’ हे खरं होतं. महिनाभर रात्री तेच तिच्या उशाशी बसत. ज्या मुलाने आईची इतकी सेवा केली त्यानेच हे केलं, हे पेलायला बहिणीला फार जड गेलं. निव्वळ लबाड माणसावर रागावणं सोपं असतं.

ओळी वाचून संपायला अर्धा तास लागला. माझ्या मते दादांचं पापनिवेदन खऱ्या अर्थाने इथे पुरं झालं. जुन्या गोव्यात ते देवाच्या क्षमेपर्यंत पोचले होते. ज्याचं नुकसान झालं त्या माणसापुढे प्रत्येक ओळीला तिचं खरं नाव देणं हे काम मागे राहिलं होतं, आणि ते ठरवलं बहिणीने, दादांनी नाही.

शेवटी ती म्हणाली, ‘पैसे घेईन. माफीचं मला विचारू नकोस.’

व्याजाचा हिशेब दाजींनी केला. आईची ठेव सात टक्क्यांची होती. सहा वर्षांचं सरळ व्याज १,००,८००. एकूण ३,४०,८००. दादांनी सोनं गहाण ठेवून १,५०,००० लगेच दिले, बाकीचे दरमहा ८,००० प्रमाणे.

नकार आणि त्यानंतर

पुढचे तीन महिने दादांची अवस्था वाईट होती. हप्ता जायचा, तिकडून उत्तर नाही. फोन उचलला जात नसे. या काळात ते पुन्हा पुन्हा कुमसाराला गेले आणि तेच पाप सांगत राहिले. अखेर एका फादरांनी त्यांना समजावलं की ज्याची क्षमा झाली ते परत परत आणायची गरज नाही. दादा क्षमा मागायला जात नव्हते, क्षमा झाल्याची खात्री वाटावी म्हणून जात होते. आणि ती खात्री त्यांना डिचोलीच्या फोनमधून हवी होती. बहीण माफ करत नाही म्हणजे देवानेही केलं नसावं, अशी गाठ त्यांनी मनात बांधली होती.

ती गाठ सोडवायला वेळ लागला. देवाची क्षमा बहिणीच्या होकाराला टांगलेली नाही. नाहीतर मेलेल्या माणसाचा अपराध केलेल्याला कधीच क्षमा नाही. स्तोत्र ५१ दावीद राजाच्या नावावर आहे, नाथान संदेष्ट्याने त्याचं पाप त्याच्या तोंडावर सांगितल्यानंतरचं. त्यात ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे’ अशी ओळ येते, आणि दादा तिला घट्ट धरून होते: पाप देवाचं, क्षमा देवाची, विषय संपला. पण दावीदाने ज्याची बायको घेतली आणि ज्याला मारवलं तो उरीया उरलाच नव्हता. दादांची बहीण डिचोलीत आहे, बसने दीड-दोन तासांवर.

मार्च २०२५ मध्ये, उपवासकाळ सुरू करणाऱ्या राखेच्या बुधवारनंतर, दादांनी तिला व्हॉट्सअॅपवर एक वचन पाठवायचं ठरवलं: सात वेळा नव्हे, साताच्या सत्तर वेळा क्षमा कर. पाठवण्याआधी मला दाखवलं. मी स्पष्ट सांगितलं, हे पाठवू नका. मत्तयातलं ते वचन येशूने पेत्राला सांगितलं, आणि पेत्र स्वतःचा अपराध करणाऱ्याला किती वेळा क्षमा करू असं विचारत होता. ज्याने अपराध केला त्याच्या हातात ते दिलेलं नाही. त्याच्यासाठी त्याच शुभवर्तमानात दुसरं वचन आहे, पाचव्या अध्यायातलं: वेदीपाशी दान अर्पण करताना, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. बहिणीवर पवित्र शास्त्राचा दबाव आणणं म्हणजे वहीचंच दुसरं पान लिहिणं झालं असतं. खोट्या आकड्यांनी तिला एकदा गप्प केलं होतं, आता खऱ्या वचनांनी करायचं?

दादांनी मेसेज पुसला.

बहिणीशी मी वेगळी बोलले. तिला मी क्षमा कर असं म्हटलं नाही. तिला काय झालं ते विचारलं. पैशांपेक्षा पाटल्यांबद्दल ती जास्त बोलली, आणि पाटल्यांपेक्षा आईबद्दल. ‘ताई, सहा वर्षं मी कबरीवर जाऊन आईची माफी मागत होते. कशाबद्दल?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी द्यायचा प्रयत्नही केला नाही. सोबत करणाऱ्यांनी, मग ते फादर असोत, सिस्टर असोत की माझ्यासारखे साधे लोक, समेटाची घाई केली की ओझं नेहमी ज्याचं नुकसान झालं त्याच्याच खांद्यावर जातं. मी हे अनेक घरांत पाहते, आणि मला त्याचा राग येतो.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी बहीण वास्कोच्या कबरस्तानात आली. येते म्हणून दादांना स्वतः फोन केला. दोघांनी मिळून कबर साफ केली, फुलं ठेवली, फारसं बोलणं झालं नाही. दादांनी माफीचा विषय काढला नाही, हे मला विशेष वाटलं. मागाहून बहीण मला म्हणाली, ‘माफ केलं असं अजून तोंडून निघत नाही. पण प्रार्थनेत त्याचं नाव घेते. आधी गाळत होते.’ दादांना हे मी सांगावं का, असं विचारलं तर म्हणाली, ‘नको. मीच सांगेन.’

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मुलाला काही माहीत नाही. बहिणीचं म्हणणं, त्याला कळलं पाहिजे, कारण त्याची फी तिच्या वाट्यातून गेली आणि तो आत्याला भेटतो तेव्हा तिला खोटं हसावं लागतं. दादा म्हणतात, पोराने काही केलेलं नाही, त्याच्या डोक्यावर हे कशाला. वहिनी बहिणीच्या बाजूने आहेत. पापनिवेदनाच्या दृष्टीने दादांवर हे बंधन नाही, पण आत्याच्या अंगणात मुलगा उभा असताना ती हसेल की नाही हे ठरवायचा हक्क आता तिचा आहे, असं मी दादांना सांगितलं आहे. मुलगा मे महिन्यात सुट्टीवर येतोय. त्याला घेऊन डिचोलीला जायचं, आणि सांगायचं ते दादांनीच सांगायचं, इथपर्यंत तिघांचं ठरलं आहे.